नमद्याचे बारा थर

फाइनाचं पोस्टकार्ड आलं ते तिच्याच हातात. गावातली टपालाची खिडकी तीच सांभाळायची. पिशवी तिनेच उलटी केली, पेन्शनीचे कागद एका बाजूला सारले, सैन्यातल्या पोरांची पत्रं दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ते पिवळट कार्ड पडलेलं तिला दिसलं. त्यावर दोन छापील ओळी होत्या. फेब्रुवारीच्या तीन तारखेला सकाळी आठ वाजता शहरातल्या हाडांच्या इस्पितळात हजर व्हावे, सोबत घरात घालायच्या सपाता आणाव्यात. फाइनाने कार्डावर गावाचा शिक्का मारला. रीत म्हणजे रीत. मग ते स्वतःच्याच नावाने वहीत चढवलं आणि सहीसुद्धा स्वतःच केली.

आठ वर्षं ती या दोन ओळींची वाट बघत होती. त्या इस्पितळात पाय लांब करतात हे सगळ्या देशाला माहीत होतं. मांडीचं नाहीतर नडगीचं हाड कापतात, त्याभोवती पोलादी कड्या बसवतात, आणि मग दिवसाला एक मिलिमीटर, असं ते हाड वाढत जातं. समुद्राकाठची, वाळवंटातली, डोंगरातली माणसं दहा-दहा दिवस रेल्वेत बसून तिथे यायची. फाइनाचं गाव तिथून बसने चार तासांवर होतं, पण रांग सगळ्यांना सारखीच. इस्पितळाच्या फाटकाशी राहणारा पण रांगेत शेवटचाच.

खिडकीवर पहिला आला तो अर्सेनी, ट्रॅक्टरवाला. त्याला बहिणीला पार्सल पाठवायचं होतं.

"आलं म्हणे तुझं कार्ड," तो सुतळीची गाठ मारत म्हणाला.

"आलं."

"आता नाचशील म्हणजे."

"तुझ्या पोराच्या लग्नात नाचेन."

"पोरगा चार वर्षांचा आहे, फाया."

"मग काय घाई आहे?" असं म्हणून तिने पार्सल वजनाच्या काट्यावर टाकलं, जरा आपटूनच.

आठ वर्षांपूर्वी याच अर्सेनीने तिला मागणी घातली होती. फाइना तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि इस्पितळाला अर्ज त्याच महिन्यात गेला होता. "मला पायाशी लग्न करायचंय का?" असं तो म्हणाला होता. फाइनाला ते आवडलं होतं आणि झोंबलंही होतं. ती म्हणाली, आधी पाय होऊ दे, मला लग्नाच्या कचेरीत सरळ चालत जायचंय, डुलत डुलत नाही. तो तीन वर्षं थांबला. मग थांबला नाही. त्याला कोणी दोष देऊ नये, आणि फाइना देतही नव्हती. फक्त त्याची बायको तिकिटं घ्यायला आली की तिचे सुटे पैसे दोनदा मोजावे लागायचे, कारण पहिल्यांदा हमखास चुकायचे.

फाइना सात वर्षांची असताना गवताच्या गाडीवरून पडली आणि तिची डावी मांडी मोडली. हाड सांधलं, पण आखूड सांधलं. आई त्याच्या आधीच गेली होती. राहिला बाप, सावेली निकोनोविच. आजूबाजूच्या तीन गावांत त्याच्यासारखे नमद्याचे, म्हणजे आटवलेल्या लोकरीचे, बूट करणारा दुसरा नव्हता. मेंढीची लोकर पिंजायची, पसरायची, तेजाब टाकलेल्या उकळत्या पाण्यात घालायची आणि न्हाणघरातल्या वाफेत फळीवर लाकडी लाटण्याने तास न् तास लाटायची. असं करता करता सैल लोकरीचा बूट अर्धा होईस्तोवर आटतो. मग त्यात पायाच्या आकाराचा लाकडी साचा, म्हणजे कालबूत, ठोकायचा. नमद्याच्या बुटांना डावा-उजवा नसतो. दोन्ही एकाच कालबुतावर निघतात आणि घालून घालून ज्याचं त्याला कळतं की डावा कुठला आणि उजवा कुठला. सगळ्या गावात फाइनाचाच जोड असा होता की अंधारातही चूक होऊ नये.

दरवर्षी पहिल्या बर्फाच्या सणाला सावेली मुलीला बाकावर उताणी झोपवायचा आणि पाय मोजायचा. त्यासाठी त्याची एक लोकरीची दोरी होती. एक टोक बेंबीवर धरायचं, दुसरं आतल्या घोट्याच्या हाडापर्यंत न्यायचं आणि गाठ मारायची. आधी उजवा, मग डावा. दोन गाठींमध्ये जेवढं अंतर, तेवढा पाय आखूड. मागच्या वर्षीपेक्षा अंतर वाढलेलं दिसलं की तो नमद्याचा एक थर कापून डाव्या बुटाच्या तळाला डांबरी दोऱ्याने शिवायचा. जोड झिजला तरी थरांची ती चवड टाकून द्यायचा नाही. उसवून नव्या बुटाला लावायचा, उन्हाळ्यात चामड्याच्या बुटाला. पहिल्या वर्षी थर होते तीन, प्रत्येक अर्ध्या सेंटीमीटरचा. फाइना वाढली तशी चवड वाढली. ती वाढायची थांबली, चवड थांबली नाही. मागच्या हिवाळ्यात तिने बाकावरून उठून बाराव्या थरावर पाऊल टाकलं होतं.

सावेलीला या मापाचा फार अभिमान. माझ्या दोरीत केसाचा फरक पडत नाही, असं तो म्हणायचा, आणि बुटांच्या बाबतीत ते खरंच होतं.

एकदा ग्लाफिरा निकितिच्नाने त्याला टोकलं होतं. ग्लाफिरा म्हणजे गावच्या दवाखान्यातली बाई. डॉक्टर नव्हे, पण बाळंतपणापासून मढ्यापर्यंत सगळं तीच बघायची. फाइना तेव्हा सोळा वर्षांची होती. मापाच्याच दिवशी ग्लाफिरा काही कामासाठी आली, दारात उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, "सावेली, बेंबीपासून काय मोजतोस? पोट इकडचं तिकडे होतं. कमरेच्या हाडापासून मोज. इथून, हे पुढे येतं ना, इथून."

"ग्लाफिरा निकितिच्ना, मी तुम्हाला सुई कुठे टोचायची ते शिकवतो का?"

"तू रागावू नकोस. पोरीला जिल्ह्याला ने. फोटो काढू दे हाडाचा. मी चिठ्ठी देते."

"चाळीस वर्षं माझ्या घरात पायाची मापं घेतात. आमचे आजोबा घ्यायचे, तेही बेंबीपासूनच."

"तुझे आजोबा बूट करायचे. पाय नाही करायचे."

सावेलीने दार उघडून धरलं. ग्लाफिरा गेली. मग त्याने कुल्ल्यावर हात ठेवून, तिचीच नक्कल करत, चोरपावलांनी खोलीभर फेरी मारली आणि म्हणाला, "इथून मोज, सावेली, इथून, बसायच्या जागेपासून." फाइना पोट धरून हसली होती. खदखदा हसली होती. चिठ्ठी चुलीत गेली. पुढच्या वर्षी ग्लाफिरा मुलाकडे राहायला निघून गेली आणि ही गोष्ट सगळे विसरले.

इस्पितळात फाइनाला सहाव्या खोलीत खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर कुल्याश होती, कझाक, चाळिशीची, स्टेपच्या गवताळ माळावरच्या सरकारी शेतावर गायी दोहणारी. तिच्या नडगीभोवती चार पोलादी कड्या होत्या आणि त्यांतून सळया आरपार गेलेल्या. दिवसातून चार वेळा ती उशीखालचा छोटा पाना काढायची आणि एकेक नट पाव फेरा फिरवायची.

"दुखतं का?" फाइनाने पहिल्याच संध्याकाळी विचारलं.

"गाय लाथ मारते तेव्हा जास्त दुखतं." कुल्याशने पाना शालीला पुसला. "दीड महिना झाला. चार सेंटीमीटर वाढला. सासू म्हणायची, लंगडी सून बरी, माहेरी पळून जात नाही. आता पत्र आलंय, डॉक्टरांना विचार म्हणून, किती वाढवणार आहेत. म्हातारीची झोप उडालीय."

खोलीतल्या बायका हसल्या. फाइनाही हसली. खूप दिवसांनी तिला मोकळं वाटलं. व्हरांड्यात कड्या घातलेली माणसं कुबड्यांवर टकटक करत फिरत होती, एकमेकांना आज किती झाला ते विचारत होती. इथे कोणी वळून बघत नव्हतं. इथे तिचा बूट बघून कोणी म्हणालं तर एवढंच, की काय सुरेख शिवलंय, कोणी केलं? फाइना सांगायची, आमच्या तात्यांनी. मनातल्या मनात तिने हिशेबही केला होता. सहा सेंटीमीटर म्हणजे साठ दिवस वाढायला आणि मग हाड घट्ट व्हायला त्याच्या दुप्पट-तिप्पट. सप्टेंबरात ती घरी जाईल. बसमधून उतरेल आणि टपालाच्या खिडकीपर्यंत सरळ चालत जाईल, दुकानासमोरून, मुद्दाम दुकानासमोरून.

दोन दिवस फोटो काढण्यात गेले. झोपवून, उभं करून, शेजारी धातूची पट्टी ठेवून. तिसऱ्या दिवशी डॉक्टर मार्गारिता आदामोव्नाने तिला आपल्या खोलीत बोलावलं. ही पन्नाशीची बाई, आवाज बसलेला, हात मात्र ऊबदार. तिने फाइनाला बाकावर झोपवलं आणि दोन्ही अंगठे तिच्या कमरेच्या पुढे आलेल्या हाडांवर दाबले, एक इकडे, एक तिकडे. तिथून तिने फीत आतल्या घोट्यापर्यंत नेली. उजवा मोजला, डावा मोजला, पुन्हा उजवा मोजला.

अंगठा हाडावर टेकला तेव्हाच फाइनाला ग्लाफिरा आठवली. का आठवली ते तिला कळलं नाही.

"उठा, फाइना सावेल्येव्ना. बसा इथे. दाखल होताना भरलेल्या कागदात तुम्ही सहा सेंटीमीटर लिहिलंय. कोणी मोजलं?"

"तात्यांनी. वडलांनी."

"कुठून?"

फाइनाने पोटावर बोट ठेवलं. डॉक्टरने मान हलवली, जणू हेच उत्तर येणार हे तिला माहीत होतं.

"तुमचा पाय एकोणीस मिलिमीटर आखूड आहे. दोन सेंटीमीटरसुद्धा नाही. सात वर्षांच्या असताना जेवढा आखूड होता, साधारण तेवढाच."

"मग बाकीचं?"

"बाकीचं बूट." तिने फाइनाचा डावा बूट उचलून टेबलावर ठेवला. बारा थर कडेने स्पष्ट दिसत होते. "पहिल्यांदा बरोबर होता. पुढे तो गरजेपेक्षा थोडा उंच झाला. उंच बुटाने डाव्या बाजूचं कमरेचं हाड वर ढकललं. हाड वर गेलं की पाय पण त्याच्याबरोबर वर जातो. मग बेंबीपासून मोजलं की पाय आणखी आखूड दिसणार. म्हणून आणखी उंच बूट. म्हणून हाड आणखी वर. चोवीस वर्षं असंच चाललं. आता पाठीचा कणा पण त्याच बाजूने वाकलाय."

फाइना बुटाकडे बघत राहिली.

"मग कधी कापणार?" तिने विचारलं.

"कापायचं काही नाही. एवढ्यासाठी आम्ही हाड कापत नाही. चांगलं हाड कापणं हा गुन्हा आहे."

"कापा हो," फाइना म्हणाली.  "आठ वर्षं थांबलेय मी. दोन तर दोन. दोन सेंटीमीटर वाढवा. काहीतरी करा ना."

"जे तुमच्याकडे आहेच, ते मी कसं देऊ?"

"मी काय सांगू लोकांना? मी लंगडी नव्हते म्हणून सांगू?"

 डॉक्टरने कागद ओढला आणि ती लिहायला लागली. दर दोन महिन्यांनी बुटाचा एक थर काढायचा, त्याहून घाई करायची नाही. असे आठ थर काढायचे, चार राहू द्यायचे. रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम, तो खालच्या मजल्यावर दाखवतील. वाकलेला कणा किती सरळ होईल हे एकतिसाव्या वर्षी सांगता येत नाही. थोडा होईल. पूर्ण होईल असं तिने लिहिलं नाही, आणि फाइनाने विचारलं तेव्हा तोंडीही म्हणाली नाही.

सहाव्या खोलीत बातमी फाइनाच्या आधीच पोहोचली होती. बायकांना धड आनंद दाखवता येईना, धड वाईट वाटून घेता येईना. एक म्हणाली, देव पावला बाई तुला. दुसरी म्हणाली, आम्ही इथे सळया टोचून घेतोय आणि ही रडतेय. फाइना खरंच रडत होती, भिंतीकडे तोंड करून, आणि रडण्याची तिला लाज वाटत होती. साऱ्या इस्पितळात पाय चांगला आहे म्हणून रडणारी ती एकटीच असेल.

कुल्याशने पाना खाली ठेवला, कुबडी घेतली आणि तिच्या खाटेच्या कडेवर येऊन बसली. खिशातून तिने वाळवलेल्या आंबट दह्याचे दोन गोळे काढले, एक तिच्या हातात दिला.

"खा. रडताना तोंडात काहीतरी असावं."

फाइनाने तोंडात टाकला. खारट होता.

"माझ्या बापाने एकदाही माझा पाय मोजला नाही," कुल्याश म्हणाली. "अकरा पोरं. कुठली लंगडते ते त्याला माहीत होतं की नाही देव जाणे. आणि तुझा बाप दरवर्षी दोरी घेऊन बसायचा."

"हो."

"मग काय म्हणायचं गं आता? माझ्यासारखी खरी लंगडी, आणि तुझ्यासारखी लाडाने लंगडी." ती हसली नाही. "घरी जाऊन त्याला एक थोबाडीत मार. मग जवळ घे. दोन्ही कर, एक केलंस तर मनात राहील."

बस गावाच्या फाट्यावर थांबली तेव्हा दुपार कलायला लागली होती. फाइना उतरली आणि दुकानासमोरून गेली नाही, मागच्या बाजूने, कुंपणांच्या कडेने गेली. बर्फात एक खोल पाऊल आणि एक उथळ पाऊल, तिला आपल्याच मागे वळून बघवेना.

सावेली न्हाणघरात होता. दार उघडताच वाफ अंगावर आली, ओल्या लोकरीचा नि तेजाबाचा वास आला. बाप कमरेपर्यंत उघडा, फळीवर वाकलेला. समोर कालबुतांवर चढवलेला एक जोड वाळत होता. पांढरा शुभ्र. निवडक कोवळी लोकर, एकही काळा केस नाही. दोन्ही बूट सारखे होते. तळाला काही नव्हतं.

"अगं, इतक्यात?" सावेलीने लाटणं ठेवलं आणि हात पॅंटला पुसले. मग त्याची नजर बुटांवर गेली आणि तो गडबडला. "हे बघायचं नव्हतं तू. तू परत यायच्या वेळी द्यायचे होते. बघितलेसच तर बघ. डावा कुठला आणि उजवा कुठला ते सांग बघू."

साठी उलटलेला माणूस, त्याचा चेहरा पोरासारखा खुलला होता. फाइनाला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की तिने दाराची कडी धरली. आणि त्याच क्षणी तिला असंही वाटलं की उलट्या पावली निघून जावं आणि याला कधीच काही सांगू नये.

पण तिने सांगितलं. उभ्यानेच, सगळं, एकोणीस मिलिमीटर, कमरेचं हाड, कणा. सावेली ऐकत होता आणि त्याच्या भुवया हळूहळू जवळ येत होत्या.

"कोण म्हणालं?"

"डॉक्टर."

"बाई का?"

"बाई."

"मला वाटलंच," तो म्हणाला आणि खुंटीवरची दोरी काढली. "झोप बाकावर."

फाइना झोपली. इतक्या वर्षांची सवय, अंग आपोआप आडवं झालं. सावेलीने दोरीचं टोक बेंबीवर ठेवलं, घोट्यापर्यंत नेलं, गाठीवर नख रोवलं. दुसऱ्या पायाला नेलं. मग दोन्ही खुणा तिच्या डोळ्यांसमोर धरल्या.

"हे बघ. सहा. आता सांग, दोरी खोटं बोलते का? उद्या मी येतो तुझ्याबरोबर, त्या बाईशी बोलतो."

"तात्या, हात द्या."

तिने त्याचा हात धरला. वाफेने मऊ पडलेला, तेजाबाने भेगाळलेला. अंगठा ओढून तिने आपल्या कमरेच्या हाडावर टेकवला आणि दाबून धरला.

"इथून मोजा."

सावेलीने हात ओढून घेतला नाही. त्याने दोरी तिथे लावली आणि घोट्यापर्यंत नेली. मग डावीकडे. मग तो थांबला. दोन खुणांच्या मध्ये त्याचं एक बोट जेमतेम मावत होतं. त्याने दोरी झटकली आणि पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना त्याने दोरी इतकी ताणली की ती तुटेल असं वाटलं, पण लोकरीची दोरी ताणून लांब होते, आखूड होत नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

तो भट्टीजवळच्या ओंडक्यावर बसला. पाठीवरचा घाम वाळायला लागला तरी तो तसाच बसून राहिला.

"ग्लाफिरा म्हणाली होती," तो अखेरीस म्हणाला.

"हो."

"तू पण हसलीस तेव्हा."

तो आरोप नव्हता. आपण एकटेच नव्हतो एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण फाइनाला ते सुरीसारखं लागलं, कारण ते खरं होतं. अर्सेनीला थांब म्हणाली तीही तीच. प्रत्येक वर्षी बाकावरून उठून, नव्या थरावर पाय ठेवून, आता बरं वाटतंय तात्या, असं म्हणणारीही तीच.

"मी सोळा वर्षांची होते," ती म्हणाली. "तुम्ही शेहेचाळीस वर्षांचे होता."

 सावेली उठला, पांढऱ्या जोडातून कालबूत ठोकून काढले आणि बूट तिच्यासमोर ठेवले.

"घालून तरी बघ. पाय चांगला आहे म्हणतात ना ते. मग घाल."

फाइनाने घातले. बूट अजून ओलसर आणि कोमट होते. ती उभी राहिली आणि डावी बाजू खचली. भुसभुशीत जमिनीत पाय जावा तशी ती त्या बाजूला झुकत गेली, तोल सावरायला तिने फळी धरली. एक पाऊल टाकलं, मग दुसरं. कंबर एकीकडे, खांदा दुसरीकडे. उंच बुटात ती नुसती डुलायची. या सारख्या बुटांत तिला चालताच येईना.

सावेली बघत होता. त्याने डोळे फिरवले नाहीत, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

"काढ," तो म्हणाला. "काढ, फाया."

तिने बूट काढून बाकावर ठेवले. "अर्सेनीची बायको पांढरा जोड मागत होती ना तुमच्याकडे, दिवाळं निघालं तरी चालेल म्हणून मागे लागली होती?"

"तुझ्यासाठी केलेत ते."

"तिला द्या. मला ते चौदा महिने तरी घालता यायचे नाहीत. त्यानंतरही चार थर राहायचेच आहेत." तिने खिशातून डॉक्टरचा कागद काढला आणि वाचून दाखवला, व्यायाम सोडून, फक्त थरांचं तेवढं. मग तिने आपला जुना डावा बूट बापाच्या मांडीवर ठेवला.

सावेलीने भिंतीवरचा वाकडा चाकू घेतला. एवढ्या वर्षांत त्याने त्या बुटाला थर शिवले होते, चवड उसवून फक्त नव्या बुटाला लावली होती. एकही थर कधी कमी केला नव्हता. चाकूचं टोक शेवटच्या थराखाली जाईना. त्याने दोरा चांगला डांबरला होता, टाके एकसारखे आणि जवळजवळ घातले होते. एकेक टाका तोडताना तो ओठ दाबत होता. शेवटी बारावा थर सुटला आणि त्याने तो हातात धरला, ठेवावा की टाकावा ते न कळून.

"भट्टीत टाका," फाइना म्हणाली.

लोकर जळल्याचा वास न्हाणघरात पसरला. सावेली सुईत दोरा ओवून उरलेली चवड पुन्हा शिवायला बसला. फाइना त्याच्या हातातल्या बुटाची कड बघत होती. थर वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या रंगांचे होते. बहुतेक राखाडी, दोन मळकट पांढरे, आणि वरून नववा तपकिरी. त्या वर्षी गावात तपकिरी मेंढ्याच होत्या. त्याच थरावर उभं राहून तिने अर्सेनीला थांब म्हणून सांगितलं होतं.

आज एक निघाला. दर दोन महिन्यांनी एक. एप्रिल, जून, मग तपकिरी ऑगस्टात, कापणीच्या दिवसांत. फाइनाने बोटांवर मोजून खात्री करून घेतली. वाट बघायची तिला सवय होती.